बर्नरच्या पलीकडचा बुन्सेन

बुन्सेन हे नाव ऐकलं नाही असा एकही विद्यार्थी आपल्या कॉलेजमध्ये शोधून सापडणार नाही. पण हा बुन्सेन कोण, असं विचारलं तर दहापैकी नऊ जण सांगतील, "ज्याने बर्नर शोधला तो." आणि दहावा विचारेल, "व्हायवाला येतं का हे?" गंमत म्हणजे तो बर्नरसुद्धा त्याच्या एकट्याचा नाही. ज्या कामासाठी त्याला बर्नर हवा होता, ते काम मात्र नक्की त्याचं आहे. आणि ते काम म्हणजे आपण अकरावी-बारावीत ज्याला कंटाळायचो तेच. समोर एक पुडी ठेवलेली असते, तिच्यात काय आहे ते ओळखा आणि किती आहे ते मोजा. रासायनिक विश्लेषण!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'अवक्षेप' म्हणजे प्रेसिपिटेट, हे मला इंजिनीअरिंगला आल्यावर मराठी माध्यमातल्या रूममेटकडून कळलं. तेव्हा इंग्रजी शब्द जरा जास्त झाले तर सांभाळून घ्या. पण या माणसाबद्दल वाचायला लागले आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून हा खटाटोप.

रॉबर्ट बुन्सेनचा जन्म मार्च १८११ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन या गावी झाला. गाव विद्यापीठाचं, वडील तिथेच प्राध्यापक आणि हा चार भावांतलं शेंडेफळ. कॅडमियम शोधणारे स्ट्रोमायर हे त्याचे गुरू. विशी गाठतो न गाठतो तोच साहेबांची डॉक्टरेट झाली. (याच वयात आपण केटी सोडवत असतो, पण ते असो.) त्यानंतर १८३२-३३ मध्ये तो सरकारी पैशांवर प्रवासाला निघाला. कारखाने, खाणी आणि पॅरिससारख्या शहरांतल्या प्रयोगशाळा बघत जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया फिरला. आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटमध्ये फॅक्टरी एक तास आणि धबधबा चार तास असतो. याने मात्र जे पाहिलं ते आयुष्यभर वापरलं.

पहिलं मोठं काम १८३४ चं. त्या काळी अर्सेनिक म्हणजे सोमल हे विषप्रयोगाचं सर्रास साधन होतं, आणि त्यावर खात्रीचा उतारा नव्हता. बुन्सेनने लोहाच्या क्षारांबरोबर अर्सेनिकचा अवक्षेप कसा मिळतो ते तपासताना पाहिलं की लोहाचं ताजं, ओलसर हायड्रॉक्साइड अर्सेनिकला पकडून ठेवतं आणि जो पदार्थ बनतो तो पाण्यात विरघळत नाही. जे विरघळत नाही ते पोटातून रक्तात सहजी जाणार कसं? बेर्टहोल्ड नावाच्या डॉक्टरला सोबत घेऊन त्याने हा उतारा प्राण्यांवर तपासला. टेस्ट ट्यूबच्या तळाशी बसणाऱ्या साक्यातून माणसाचा जीव वाचवायची युक्ती निघते, हे मला तरी कुठल्या क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

नियतीचा खेळ बघा. ज्याने अर्सेनिकवर उतारा दिला, त्यालाच अर्सेनिकने घेरलं. १८३६ मध्ये तो कासेलच्या तंत्रशाळेत शिकवायला गेला, १८३९ मध्ये मारबुर्गला. याच वर्षांत त्याने कॅकोडिल नावाच्या अर्सेनिकयुक्त द्रव्यांचा अभ्यास हाती घेतला. ही द्रव्यं म्हणजे साक्षात राक्षस! विषारी, हवेत आपोआप पेट घेणारी, आणि वास तर असा की कॅकोडिल हे नावच मुळी दुर्गंधीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडलं. शुद्ध हवा मिळावी म्हणून तो बाहेरच्या हवेत उघडणारी लांब काचनळी तोंडाशी धरून काम करायचा. तरीही एक दिवस कॅकोडिल सायनाइडचा स्फोट झाला, काचेचा तुकडा उडाला आणि उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. विषबाधेने तो मरणाच्या दारात जाऊन आला. बरा झाल्यावर काम पूर्ण केलं आणि मग त्या वाटेला पुन्हा गेला नाही. लॅबमध्ये गॉगल घाला म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा.

आता मेकॅनिकल आणि केमिकलवाल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, वायू. वायूचं विश्लेषण घन पदार्थापेक्षा कितीतरी अवघड. तो दिसत नाही, चिमटीत येत नाही, तापमान वाढलं की फुगतो आणि दाब वाढला की आक्रसतो. बुन्सेनने तो पाऱ्यावर उलट्या धरलेल्या, खुणा कोरलेल्या काचनळीत पकडला. मिश्रणातला एकेक वायू काढून घ्यायचा आणि आकारमान किती घटलं ते वाचायचं, ही त्याची रीत. कार्बन डाय-ऑक्साइड काढायचा असेल तर तारेच्या टोकावर पोटॅशची गोळी आत सरकवायची, ती तेवढा वायू शोषून घेते. ऑक्सिजन मोजायचा असेल तर हायड्रोजन मिसळून आत ठिणगी पाडायची. दर वेळी तापमान आणि दाबाची दुरुस्ती करायची. थर्मलच्या लॅबमधलं ओरसॅट उपकरण आठवलं का? एका बाटलीत पोटॅश, दुसरीत पायरोगॅलॉल, तिसरीत क्युप्रस क्लोराइड. एकेक वायू शोषत जायचा आणि घट मोजायची. विचार तोच.

या विद्येचा उपयोग त्याने झोतभट्ट्यांवर केला. लोखंड गाळणाऱ्या भट्टीच्या तोंडातून त्या काळी ज्वाळा आणि वायू सरळ आकाशात जायचे. भट्टी म्हटली की धूर असायचाच, त्यात विचारायचं काय? बुन्सेनने वेगवेगळ्या खोलीवर नळ्या घालून वायूचे नमुने काढले. त्यात भरपूर कार्बन मोनॉक्साइड सापडला, म्हणजे न जळलेलं इंधनच! हिशोब मांडला तेव्हा दिसलं की जर्मनीतल्या कोळसाभट्ट्यांत निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. पुढे लायन प्लेफेअर या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाबरोबर त्याने इंग्लंडमधल्या भट्ट्या तपासल्या. १८४५ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात हा आकडा ८० टक्क्यांच्याही वर होता. म्हणजे रुपयातले ऐंशी पैसे धुराड्यातून जात होते आणि मालकाला पत्ताच नव्हता. हाच वायू पकडून पुन्हा वापरायचा, हे आज कुठल्याही पोलाद कारखान्यात गृहीत असतं. वायू-विश्लेषणाच्या या सगळ्या पद्धती त्याने १८५७ मध्ये पुस्तकरूपात आणल्या. त्याने लिहिलेलं हे एकमेव पुस्तक.

आपल्या हॉस्टेलशी थेट संबंध असलेलीही एक गोष्ट त्याच्या आयुष्यात आहे. थंडीत सकाळी बादल्या घेऊन आपण ज्याच्यापुढे रांग लावतो तो गीझर! हा शब्द आला आइसलँडमधल्या 'गेसिर' नावाच्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून. १८४५ मध्ये तिथल्या हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८४६ मध्ये बुन्सेन आइसलँडला पोचला. ज्वालामुखीतून निघणारे वायू त्याने गोळा केले, खडकांचं विश्लेषण केलं आणि त्या कारंज्याच्या नळीत तापमापक सोडून वेगवेगळ्या खोलीवर तापमान घेतलं. हे कारंजं पुढच्या क्षणी उसळेल की काय, ही धास्ती होतीच. त्याला आढळलं की खोलवरचं पाणी शंभर अंशांच्या बरंच वर तापलेलं आहे, पण वरच्या पाण्याच्या दाबामुळे उकळत नाही. आपल्या प्रेशर कुकरचंच तत्त्व. हे पाणी थोडं वर ढकललं गेलं की दाब कमी होतो, ते एकदम उकळतं आणि वाफ सगळा स्तंभ आकाशात भिरकावते. परत आल्यावर त्याने प्रयोगशाळेत छोटं मॉडेल बांधलं आणि ते कारंजंसुद्धा ठराविक वेळाने उसळायला लागलं. आमच्या विंगचा गीझर मात्र कुठल्या तत्त्वावर चालतो, हे बुन्सेनलाही सांगता आलं नसतं.

ब्रेस्लाऊला थोडा काळ काढून १८५२ मध्ये तो हायडेलबर्गला आला, तो कायमचा. तिथे नवी प्रयोगशाळा १८५५ मध्ये उभी राहिली. गावात नुकताच कोळशापासून बनवलेला गॅस आला होता. पण तेव्हाच्या गॅसच्या ज्योती पिवळ्या आणि काजळी धरणाऱ्या. बुन्सेनला हवी होती भरपूर उष्णता देणारी पण स्वतःचा रंग नसलेली ज्योत. का, ते पुढे येतंय. गॅस जळण्याआधीच त्यात हवा मिसळायची, ही त्याची कल्पना. ती नळी, ते भोक, ते कमी-जास्त करता येणारं हवेचं दार हे सगळं प्रत्यक्षात उतरवलं विद्यापीठाचे यंत्रकार पेटर डेसागा यांनी. वर्कशॉपच्या मास्तरांना कमी लेखणाऱ्यांनी हे नाव लिहून ठेवावं. बुन्सेनने पेटंट घेतलं नाही. विज्ञानातून स्वतःसाठी पैसा काढणं त्याला पसंतच नव्हतं. आज आपल्या मेसच्या शेगडीतही गॅसचा झोत भोकांतून हवा ओढून घेतो आणि मगच निळा जळतो.

मेसच्या शेगडीवर डाळ उतू गेली की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, पाहिलंय ना? तो मिठातला सोडियम. तांब्याची ज्योत हिरवी, स्ट्रॉन्शियमची किरमिजी, कॅल्शियमची विटकरी, पोटॅशियमची फिकट जांभळी, हे आपण पाठ केलेलं असतं. बुन्सेनला रंगहीन ज्योत हवी होती ती याचसाठी. पण खरी अडचण मिश्रणात येते. सोडियम जिथे तिथे असतो आणि तो इतका भडक की बाकीच्यांना पार झाकून टाकतो. बुन्सेन रंगीत काचा आणि रंगीत द्रावणं डोळ्यापुढे धरून पिवळा रंग गाळायचा प्रयत्न करत होता. आपण पोटॅशियमसाठी निळी कोबाल्ट काच धरतो ना, तसंच.

इथे त्याचा मित्र धावून आला. गुस्ताव किरचॉफ! हो, तोच तो. केव्हीएल आणि केसीएलवाला, फर्स्ट इयरला आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेला. तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. त्याने सुचवलं, काचेतून कशाला बघतोस, लोलकातून बघ. १८५९ मध्ये दोघांनी लोलक, दुर्बिणीच्या नळ्या आणि एक काळी पेटी जोडून वर्णपटदर्शक तयार केला. ती पेटी सिगारची होती, असं सांगतात. त्यातून बघितल्यावर भडक आणि फिकट रंगांचं भांडणच मिटलं, कारण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या ठरलेल्या जागी उभ्या! सोडियमची पिवळी रेषा कितीही तेजस्वी असली तरी शेजारच्या लाल किंवा निळ्या रेषेला ती झाकू शकत नाही. मिश्रणातले पदार्थ वेगळे न करताच ओळखता येऊ लागले.

आणि ही पद्धत किती तीक्ष्ण असावी? त्यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात सोडियमच्या संयुगाचे तीन मिलिग्रॅम उडवून दिले. दुसऱ्या टोकाच्या ज्योतीत काही मिनिटांतच पिवळी रेषा उजळली. हिशोब निघाला तो असा की मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतका सोडियमसुद्धा लपू शकत नाही.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. ड्युर्कहाइम गावच्या खनिज झऱ्याचं पाणी त्यांनी आटवलं आणि ओळखीचे घटक एकेक करून काढून टाकले. उरलेला गाळ ज्योतीत धरला. सोडियम, पोटॅशियम, लिथियमच्या रेषा दिसल्या. ठीक. पण त्यांच्याबरोबर शेजारी शेजारी दोन निळ्या रेषा होत्या आणि त्या कुणाच्याच नव्हत्या. कुठल्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याच्या यादीत त्या बसेनात.

जरा थांबून विचार करा. समजा ही दोन अनोळखी चिन्हं आजच्या एखाद्या प्रॅक्टिकलला दिसली असती तर काय झालं असतं? मुलं म्हणाली असती, एरर आहे रे, सोड. पुडीत कुठलं सॉल्ट येणार ते आधीच्या बॅचकडून कळलेलंच असतं. मग उत्तरावरून मागे येत येत निरीक्षणं लिहायची. ज्या रीडिंगने सरळ रेषा बिघडते ते खोडून टाकायचं. जर्नल सुंदर दिसतं, सही मिळते. हे दृश्य कुठल्या एका कॉलेजचं नाही, सगळीकडचं आहे.

बुन्सेनने सोड म्हटलं नाही. त्या दोन रेषांच्या मालकाला गाठण्यासाठी त्याने सुमारे ४४ टन पाणी आटवायला लावलं. चार टँकर पाणी समजा! हाती काय आलं? नव्या मूलद्रव्याचं क्लोराइड, सात ग्रॅमच्या आसपास. चमचाभर. पण ते होतं सीझियम, वर्णपटावरून सापडलेलं जगातलं पहिलं मूलद्रव्य. साल १८६०. आकाशी निळ्या रंगासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी लेपिडोलाइट खनिजात गडद लाल रेषांचं रुबिडियम मिळालं. आज याच सीझियमच्या अणूवर जगाचं घड्याळ चालतं. १९६७ पासून एक सेकंद म्हणजे सीझियम-१३३ अणूच्या एका ठराविक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं. तेव्हा मोबाईलवर दिसणाऱ्या प्रत्येक सेकंदात ड्युर्कहाइमच्या पाण्याचा एक थेंब आहे, असं मला वाटतं.

किरचॉफने हेच शास्त्र सूर्यापर्यंत नेलं. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा म्हणजे तिथल्या मूलद्रव्यांच्या खुणा, हे त्याने दाखवलं आणि आकाशातल्या गोलाचं केमिकल ॲनालिसिस सुरू झालं. हे लोण आपल्याकडेही आलं. १८ ऑगस्ट १८६८ ला आपल्या कोकण किनाऱ्यापासून आंध्रातल्या गुंटूरच्या बाजूपर्यंत खग्रास सूर्यग्रहण दिसलं. तेव्हा वर्णपटदर्शक लावून बसलेल्या निरीक्षकांना सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची असेल असं आधी वाटलं, पण जागा किंचित वेगळी निघाली. तीच पुढे हेलियमची ठरली. पुन्हा तेच, यादीत न बसणारी एक रेषा!

माणूस म्हणून बुन्सेन मोठा साधा होता. लग्न केलं नाही, प्रयोगशाळा हाच संसार. विद्यार्थ्यांच्या टेबलांमधून दिवसभर फिरायचा, हाताला हात लावून शिकवायचा. मेंडेलेव्ह, लोथार मायर, बायर, रॉस्को अशी मंडळी त्याच्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत येऊन गेली. १८७० च्या दशकात दुर्मिळ मृदा धातूंच्या वर्णपटांवरचं त्याचं कित्येक महिन्यांचं लिखाण टेबलावर होतं. पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यातून ऊन पडलं, भांड्याचं भिंग झालं आणि कागद जळून खाक. साठी ओलांडलेला माणूस. त्याने सगळं पुन्हा मोजलं, पुन्हा लिहिलं आणि १८७५ मध्ये छापलं. सबमिशनच्या आदल्या रात्री पेन ड्राइव्ह करप्ट झाला म्हणून रडणाऱ्यांना हे कळेल.

तो देव नव्हता, हेही सांगायला हवं. सिद्धांतांची त्याला फारशी ओढ नव्हती. मेंडेलेव्ह आणि मायर या त्याच्याच शिष्यांनी आवर्त सारणीचं एवढं मोठं काम केलं, पण गुरुजींच्या व्याख्यानांत त्याचा उल्लेखही नसायचा. मोजता येईल तेवढंच खरं मानणाऱ्या माणसाची ती मर्यादा होती. १८८९ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो निवृत्त झाला आणि उरलेला वेळ आवडत्या भूशास्त्राला दिला. १६ ऑगस्ट १८९९ ला हायडेलबर्गमध्येच त्याचं निधन झालं.

एवढं सगळं वाचल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट पक्की बसली. बुन्सेन जिथे जिथे मोठा झाला, तिथे तिथे तो इतरांनी सोडून दिलेल्या गोष्टीपाशी थांबला होता. भट्टीचा वाया जाणारा धूर, टेस्ट ट्यूबच्या तळचा साका, आटवलेल्या पाण्याचा गाळ, हिशोबात न बसणाऱ्या दोन रेषा. बरोबर उत्तर आधीच माहीत असतं तेव्हा विश्लेषण होत नाही, नुसती नक्कल होते. उद्या आपण कुठल्यातरी प्लांटवर असू. तिथल्या मीटरवर एक आकडा नेहमीपेक्षा वेगळा दिसेल. शेजारचा म्हणेल, मीटर खराब आहे, कालचाच आकडा टाक. त्या क्षणी आपण काय करणार, याची सवय आजच्या जर्नलमध्येच लागते आहे. एका चुकीच्या आकड्याने तिथे मार्क जाणार नाहीत, कदाचित कुणाचा तरी श्वास जाईल.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला एखादं रीडिंग रेषेबाहेर गेलं तर ते खोडू नका. पुन्हा घ्या. पुन्हा तेच आलं तर तसंच लिहा आणि सरांना विचारा, हे असं का? कदाचित काच मळकी असेल, कदाचित पाणी अशुद्ध असेल. नवं मूलद्रव्य बहुधा निघणार नाही, पण ते आकडे तुमचे स्वतःचे असतील.

— तृतीय वर्ष, केमिकल